घटका भरली, अक्षता अडल्या

लग्नपत्रिकेवर ठळक छापलं होतं, दुपारी 12 वाजून 35 मिनिटं. टेंभुर्णीजवळचं मंगल कार्यालय, वैशाखाचं ऊन, वर तापलेला पत्रा, खाली हजार-बाराशे माणसं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले म्हणून माणसं दोनदा बदलली. मुठीतल्या अक्षता घामानं एकमेकींना चिकटल्या. आणि माईकवाला दर पाच मिनिटांनी ओरडत होता, "नेतेमंडळी भिगवणच्या पुढं आलेली आहेत, वऱ्हाडी मंडळींनी कृपया जागा सोडू नये!"

नेते 2 वाजून 25 मिनिटांनी आले. एक तास पन्नास मिनिटं उशिरा. मग फेटा, शाल, नारळ. मग आशीर्वादाचं भाषण. आणि विषय काय निवडला? वेळेचं महत्त्व. घड्याळ ही म्हणे युरोपातल्या राजदरबारांनी जगाला दिलेली देणगी. इंग्रज आले नसते तर आपल्याला वेळ म्हणजे काय तेच कळलं नसतं, आणि वेळ पाळत नाही म्हणून आपला खेडूत मागं राहिला. हे सांगताना त्यांनी मनगट वर केलं. घड्याळ भारी होतं, सगळ्यांना दिसलं. बाराशे उपाशी माणसांच्या तोंडावर हे बोलायला कसला निबरपणा लागत असेल?

मांडवात मी गप्प बसलो. नवरीचा बाप माझा मावसभाऊ, त्याच्या दारात कलागत नको होती. आता बोलतो.

"आपल्याला वेळ कळत नव्हती" असं म्हणणाऱ्याला मराठीसुद्धा कळत नाही. घड्याळ हा शब्दच घटिकेतून आलाय. घटकाभर टेका, असं आपण पाहुण्याला म्हणतो. एखाद्याची घटका भरली म्हणतो तेव्हा खरोखरच एक भांडं भरत असतं. तास म्हणजे मुळात काशाची थाळी, टोले द्यायची. फारशीतून आलेला शब्द. थाळीचं नाव साठ मिनिटांना चिकटलं आणि थाळी विसरली गेली. बोलताना दिवसातून पन्नास वेळा जी माणसं काळाची भांडी वाजवतात, त्यांना वेळ माहीत नव्हती?

आमच्या जुन्या गावात, करमाळ्याच्या बाजूला, जोशीबुवांच्या घरी घटिकापात्र होतं. जुनं गाव आता उजनी धरणाच्या पाण्यात आहे. पात्र तांब्याचं, अर्ध्या करवंटीएवढं, बुडाला भोक. लहानपणी मी त्या भोकात बाभळीचा काटा घालून पाहिला. नुसतं टोक आत गेलं आणि पाठीत धपाटा बसला. भोक केसभर रुंदावलं तरी पाणी लवकर चढतं आणि गावाची घटका लहान होते, हे जोशीबुवांनी त्या धपाट्यासोबत शिकवलं. घंगाळात पाणी घ्यायचं तेही फडक्यातून गाळून, कारण एक कण अडकला तर घटका लांबते. सूर्याची कड दिसली की वाटी पाण्यावर सोडायची. ती तरंगते. बुडाशी पाण्याचा एक मणी उगवतो. मग बारीक उकळी फुटल्यासारखं पाणी आत चढत राहतं, वाटी जड होत खाली बसते, काठ पाण्याला टेकतो आणि डुबुक! ती चोवीस मिनिटं. वाटी काढायची, झटकायची, भिंतीवर कुंकवाचं एक बोट ओढायचं, पुन्हा सोडायची. अहोरात्रात अशी साठ वेळा बुडली पाहिजे, हे माप सूर्यसिद्धांतात दिलेलं आहे. तांबटानं ठोकलेली वाटी आणि जागा राहणारा माणूस, एवढ्यावर लग्नं लागत होती.

हिशेब करून बघा. वैशाखात आमच्याकडे सूर्य सहाच्या जरा आधी उगवतो. 12.35 ला भिंतीवर कुंकवाची सोळा बोटं पुरी झालेली असतात आणि सतरावी वाटी निम्म्याहून जास्त भरलेली असते. आणि 12.35 च का? उजनीचा काठ साधारण 75 रेखांशावर आहे आणि आपल्या मनगटावरची भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची. म्हणून आमच्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात साडेबाराच्या आसपास झालेले असतात. माध्यान्हीच्या अलीकडची एक घटका आणि पलीकडची एक, तो अभिजित मुहूर्त. पत्रिकेवरचे ते 35 मिनिटांचे काटे आमच्या गावावरच्या सूर्याशी जुळवलेले आहेत. हे ज्याला ठाऊक नाही त्यानं मनगट वर करून भाषण ठोकू नये.

आता त्या राजदरबारांकडे येऊ.

इसवी सन 807. बगदादच्या खलिफा हारून अल रशीदकडून फ्रँकांचा राजा शार्लमेन याला एक जलघड्याळ भेट आलं. तास भरला की पितळी गोळ्या खालच्या झांजेवर पडायच्या आणि छोट्या दारांतून घोडेस्वार बाहेर यायचे. फ्रँक दरबाराच्या बखरकारानं हा प्रकार थक्क होऊन लिहून ठेवला. युरोपनं जगाला घड्याळ दिलं म्हणता, आणि युरोपचा सम्राट पूर्वेकडून आलेल्या पाण्याच्या यंत्राकडे आ वासून बघत होता!

पुढं युरोपात यांत्रिक घड्याळं झाली, उत्तम झाली, ते श्रेय त्यांचं आहे आणि मी ते हिसकावणार नाही. पण ते श्रेय दरबाराचं आहे काय? सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गच्या पेटर हेन्लाइनसारख्या कुलूपकारागिरांनी अंगावर वागवायची घड्याळं घडवली. त्यांना काटा एकच, तासाचा. दिवसात बराच वेळ मागं किंवा पुढं जायची. सरदार-दरकदारांनी ती गळ्यात घातली, कमरेला लटकवली. कशासाठी? मिरवायला. चुकीची वेळ दाखवणारा दागिना! दरबारात त्याची पंचाईत झाली नाही, कारण ज्याच्यासाठी सगळे ताटकळतात त्याला वेळ बरोबर असण्याची गरजच नसते. तो येईल तेव्हा सुरुवात. नेत्यांचं ते मनगट मला तेव्हापासूनचं ओळखीचं वाटतं.

स्पेनवरही राज्य करणाऱ्या सम्राट पाचव्या चार्ल्सला घड्याळांचा एवढा नाद की 1556 मध्ये राज्य सोडून युस्तेच्या मठात गेला तर घड्याळजी हुआनेलो तुरियानो सोबत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं प्रकरण याहून संतापजनक आहे. ख्रिस्तियान हायगेन्सनं 1656 मध्ये लंबकाचं घड्याळ काढलं आणि 1673 चा आपला घड्याळांवरचा मोठा ग्रंथ याच लुईला अर्पण केला. त्याच लुईनं 1685 मध्ये प्रोटेस्टंटांना धर्माची मोकळीक देणारा नांतचा जाहीरनामा रद्द केला. फ्रान्सचे कितीतरी निष्णात घड्याळजी प्रोटेस्टंट होते. त्यांनी हत्यारांच्या पेट्या उचलल्या आणि जिनिव्हा, लंडन गाठलं. ज्या स्विस घड्याळासाठी आपले पुढारी आज जीव टाकतात, त्या धंद्याला एका राजाच्या हट्टानं हाकलून दिलेल्या कारागिरांनी बळ दिलं. याला म्हणायचं राजाश्रय?

आणि फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत. तिच्यासाठी 1783 मध्ये अब्राहम ब्रेगेकडे घड्याळ सांगितलं गेलं. अट अशी की त्या काळी ठाऊक असलेली प्रत्येक करामत त्यात हवी आणि जिथं जमेल तिथं सोनं हवं. ना मुदतीची अट, ना पैशाची. फ्रान्समध्ये लोक पावासाठी रस्त्यावर उतरत होते. 1793 मध्ये राणीचं मुंडकं उडवलं. घड्याळजी 1823 मध्ये वारला. घड्याळ पुरं झालं 1827 ला! वेळेच्या इतिहासातलं एवढं मानाचं घड्याळ, आणि ते आलं वापरणारी मातीत गेल्यावर चौतीस वर्षांनी. दरबारी वेळेची याहून नेमकी व्याख्या मला कुठं सापडली नाही.

तुर्कांचा सुलतान तिसरा मुराद याच माळेचा. ताकीउद्दीन नावाच्या विद्वानानं 1577 मध्ये इस्तंबूलला वेधशाळा उभारली, तिथं यांत्रिक घड्याळं लावून ताऱ्यांची वेळ मोजू लागला. 1580 मध्ये सुलतानाच्याच हुकमानं ती जमीनदोस्त झाली. तीन वर्षांत राजाची मर्जी लागली आणि उतरली.

मग जगाला खरोखर उपयोगी पडलेलं घड्याळ कुणी केलं? सुताराच्या पोरानं. जॉन हॅरिसन, इंग्लंडच्या खेड्यातला, सुरुवातीला लाकडाची चाकं कातून घड्याळं करणारा. भर समुद्रात जहाज पूर्व-पश्चिम नेमकं कुठं आहे हे कळत नसे म्हणून ताफेच्या ताफे खडकांवर फुटत. ब्रिटिश पार्लमेंटनं 1714 मध्ये उपायासाठी 20,000 पौंडांचं बक्षीस लावलं. हॅरिसननं चाळीस वर्षं घासली. 1761 च्या जमैका सफरीत त्याचं चौथं घड्याळ एक्याऐंशी दिवसांत अवघं पाच सेकंद चुकलं. आणि बक्षीस? बक्षीस ठरवणाऱ्या मंडळावरच्या खगोलपंडितांनी अटीवर अटी घातल्या, पुन्हा चाचणी, पुन्हा घड्याळ खोला, पुन्हा नवीन करून दाखवा. सुतार आपल्या पंगतीला बसतोय हे त्यांच्या पचनी पडलं नाही. शेवटी तिसरा जॉर्ज मध्ये पडला, आणि 1773 मध्ये म्हाताऱ्याला ऐंशीव्या वर्षी उरलेले पैसे मिळाले. या एका राजाला मी मान देतो, कारण तो कामाच्या बाजूनं उभा राहिला. बाकी, धरणात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी ज्याच्या बापानं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, त्याला हॅरिसनची चाळीस वर्षं समजावून सांगावी लागत नाहीत.

भाषण चालू असताना माझ्या शेजारी बसलेले एक गृहस्थ कानात पुटपुटले, "अहो, हे सगळं आपल्या ऋषींना आधीच ठाऊक होतं." यांच्याशीही माझं भांडण आहे. नेत्यांशी आहे तेवढंच.

भास्कराचार्यांचं नाव हे लोक उठता-बसता घेतात. त्याच भास्करानं सिद्धांतशिरोमणीत, 1150 मध्ये, यंत्रांची यादी दिल्यावर सगळ्यांत वर बसवलंय धीयंत्राला, म्हणजे बुद्धीला. हातात एक काठी असली की शहाण्याला पुरे, मोठाल्या यंत्रांचं ओझं कशाला, हा त्याचा रोख. त्याचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता आणि चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ निघाला. त्याचा शिलालेख तिथं आहे. मठात पुढं काय झालं? आपण भास्कराच्या बुद्धीचं यंत्र बाजूला ठेवलं आणि त्याच्या नावाची आरती धरली. ऋषींना माहीत होतं, मग तुम्हाला का माहीत नाही? शेजारच्या गृहस्थांना मी विचारलं, एका घटकेची मिनिटं किती? म्हणाले, "असतील पाच-दहा."

आपले राजे तरी काय मोठे वेगळे होते? फिरोजशहा तुघलकानं दिल्लीत आपल्या फिरोजाबादेत वाटी आणि थाळी बसवली, तिचे टोले बादशाही इतमामाचा भाग झाले. बाबरानं मात्र शहाणपणा केला. आपल्या आत्मचरित्रात त्यानं हिंदुस्थानी घड्याळवाल्यांचं वर्णन केलंय: वाटी बुडाली की थाळीवर टोला. त्याच्या लक्षात आलं की रात्री जाग आलेल्या माणसाला टोले ऐकू येतात पण प्रहर कोणता ते कळत नाही. म्हणून त्यानं हुकूम दिला, घटकेच्या टोल्यांनंतर प्रहराची खूणही वाजवा. झोपमोड झालेल्या साध्या माणसाचा विचार करणारा तो हुकूम मला सगळ्या रत्नजडित घड्याळांहून मोलाचा वाटतो.

आणि पेशव्यांचं पुणं. तिथं रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडेल त्याला कोतवालीत डांबत. जाच होताच, नाही म्हणत नाही. पण पेशव्यांच्या पदरी नोकरी केलेल्या विल्यम टोननं लिहून ठेवलंय की अवेळी बाहेर सापडला म्हणून खुद्द पेशव्यालाही एकदा रात्रभर अडकवून ठेवलं होतं. वेळ मोडली तर धनी असो की गडी, आत! आज एखाद्या हवालदारानं, एखाद्या यजमानानं, निदान एखाद्या भटजीनं तरी पुढाऱ्याला सांगून बघावं, "मुहूर्त गेला, तुम्ही आता जेवायला बसा."

कोण सांगणार? मुलीच्या बापानं तीन महिने पत्रिका जुळवल्या. नाडी बघितली, गण बघितला, मंगळ बघितला, अमुक दिवस नको तमुक तिथी नको म्हणून कार्यालयाची आगाऊ दिलेली रक्कम बुडवली. मिनिटापर्यंत मुहूर्त काढला. आणि तो मुहूर्त पांढऱ्या गाडीसाठी सोडून दिला! भास्कराच्या मुलीची, लीलावतीची गोष्ट सांगतात ना, वाकून घटिकापात्र बघताना तिच्या अंगावरचा मोती वाटीत पडला, भोक बुजलं आणि लग्नाची वेळ टळली. भास्करानं ती लिहिलेली नाही. अकबराच्या दरबारातल्या फैजीनं 1587 मध्ये भास्कराच्या 'लीलावती' ग्रंथाचा फारशी तर्जुमा केला, त्यात ती येते. त्या गोष्टीतला बाप हळहळला तरी. आमच्या मांडवात मुहूर्त टळला त्याबद्दल फटाक्यांची माळ लावली. ग्रह खरे मानत असाल तर हा अपराध आहे, आणि खोटे मानत असाल तर तीन महिने जोशाला कशाला छळलंत?

आता त्या "खेडूत वेळ पाळत नाही" या वाक्याकडे. याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे.

1858 मध्ये पुण्याहून निघालेली आगगाडी डिकसळपर्यंत आली आणि 1860 मध्ये सोलापूरला पोचली. तेव्हापासून आमचे लोक गाडीच्या वेळेवर दूध, भाजी, माणसं पोचवत आले. रेल्वेनं देशभर मद्रासची वेळ चालवली, आम्ही ती पाळली. 1906 पासून प्रमाणवेळ आली, तीही पाळली. मुंबई मात्र त्या वेळेच्या 39 मिनिटं मागं असलेली आपली जुनी वेळ कित्येक दशकं कवटाळून बसली होती. तिला कुणी खेडवळ म्हटलं नाही. मग उजनी आलं. 1966 मध्ये भूमिपूजन, 1980 मध्ये धरण पुरं. रूळसुद्धा उचलून दुसरीकडून न्यावे लागले. 117 टीएमसी पाणी साठवायचं तर गावं उठवावी लागणार होती, आणि आम्ही दिलेल्या मुदतीत उठलो. जोशीबुवांनी घटिकापात्र पिठाच्या डब्यात खुपसून बैलगाडीत ठेवलं. पाणी वेळेवर आलं. नव्या गावठाणात प्यायच्या पाण्याची सोय मात्र वेळेवर आली नाही, रस्ता आला नाही, शाळेचं छप्पर आलं नाही. वेळ कुणी पाळली आणि कुणी मोडली?

आजही बघा. शेतीची थ्री फेज लाइट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रपाळीला माझा भाऊ बॅटरी घेऊन मोटारीपाशी उभा असतो. लाइट यायच्या आधी दहा मिनिटं उभा, कारण उसाची शेवटची सरी भिजायला पुरे आठ तास लागतात आणि दहा मिनिटं गेली तर ती सरी कोरडी राहते. धरण उण्यात गेलं की पाणी मागं सरकतं. मग मोटार पुढं, पाइप पुढं, केबल पुढं, गाळातून रोज. बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीच्या बाया पहाटे तीनला चूल पेटवतात, तान्हं पोर पाठीशी बांधून चारला फडात. कोळी अंधारात जाळं ओढतात, कारण मासळी बाजारात उशिरा पोचली की भाव पडतो. या माणसांना वेळ शिकवायला कोण आलंय? दोन वाजून पंचवीस मिनिटांनी आलेला माणूस!

त्या दिवशी मांडवात बसून मी मनात हिशेब केला. बाराशे माणसं, प्रत्येकाची एकशे दहा मिनिटं. दोन हजार दोनशे तास होतात. आठ तासांचा रोज धरला तर पावणेतीनशे माणसांचा दिवस एका गाडीच्या वाटेकडे बघण्यात गेला. एखाद्याच्या रानातून पावणेतीनशे रोजांची मजुरी कुणी उचलून नेली असती तर गावानं काठ्या काढल्या असत्या. इथं गावानं हार काढले.

यंदा माघात माझ्या पुतणीचं लग्न होतं, दारातच, मांडव घालून. पुढाऱ्यांना आमंत्रण दिलं, रीतसर, हळद-कुंकू लावून. जोशीबुवांच्या नातवाकडून ते घटिकापात्र मागून आणलं, पितांबरीनं घासलं, सूर्य उगवताना घंगाळात सोडलं. माझी आत्या, वय नव्वदीच्या घरात, पाट टाकून शेजारी बसली आणि वाटी बुडाली की भिंतीवर बोट ओढत गेली. पोरं भोवती गोळा झाली, मोबाइल लावून मोजू लागली, आणि वाटी चोवीस मिनिटांना फार तर वीस सेकंद मागंपुढं बुडतेय म्हटल्यावर ओरडायला लागली. साडेबाराच्या सुमारास फोन आला, "नेते निघालेत, अर्धा तास थांबा." भावानं माझ्याकडे बघितलं. मी आत्याकडे बघितलं.

"वाटी थांबती व्हय?" आत्या म्हणाली. "लाव अक्षता."

पुढारी पावणेदोनला आले. दुसरी पंगत उठत होती. तिसरीत त्यांना जागा करून दिली, माझ्या भावाच्या सालगड्याच्या शेजारी, आणि वाढप्यानं त्यांच्या पानात भात-वरण वाढलं.